पन्नासचा काटा आणि उरणची चाकं

उरणला जाताना बोकडवीऱ्याला वायू विद्युत केंद्राच्या चिमण्या दिसल्या, की गाडीत कोणीतरी हमखास म्हणतं, "गॅस पुरत नाही, मग काढा की भंगारात! सोलर केवढं स्वस्त झालंय." हिशेब सोपा : युनिटला रुपये किती? माझ्या मते हा हिशेबच अर्धवट आहे. आणि हे मी, एक सॉफ्टवेअरवाला, म्हणतोय!

जरा मशीनच्या पोटात शिरूया. आपल्या ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. जनरेटरला दोन ध्रुव, म्हणजे मिनिटाला बरोबर ३००० फेरे. लहान टर्बाइनला गिअरबॉक्स लावून पळवाट काढता येते. मोठी मात्र जनरेटरला थेट जोडलेली. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणजे ३६०० फेरे. वेग १.२ पट, पण तेवढ्याच पात्याला मुळातून उपटू पाहणारा जोर १.४४ पट! म्हणून तिकडचं मशीन लहान करावं लागतं. तेच डिझाइन आपल्यासाठी १.२ पट मोठं केलं, की ताकद साधारण १.४४ पट मिळते. थोडक्यात, पात्याची लांबी ग्रिड ठरवतो.

आता मागणी वाढली आणि काटा घसरला तर? हवा दाबणारा कंप्रेसर त्याच दांड्यावर. तो मंदावला की हवा कमी, हवा कमी की ताकद कमी. नेमकी गरज असते तेव्हाच! भरपाईला जास्त गॅस जाळावा, तर तापमानाची मर्यादा आडवी येते. त्यात पाती थरथरून तडकण्याचा धोका. शेवटी मशीन स्वतःला वाचवायला ग्रिड सोडतं, आणि उरलेल्यांवर आणखी भार.

म्हणजे ५० चा काटा सांभाळणं ही चैन नाही. पश्चिम ग्रिडमध्ये १ जुलै २००२ पासून ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर फ्रिक्वेन्सीनुसार पैसे मोजावे लागू लागले. तोवर काटा खाली लोळत असे. किंमत लावली, तेव्हा शिस्त आली.

आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात आलाय. सोलरमध्ये फिरणारं लोखंड नाही. उरणच्या १०८ मेगावॅटच्या टर्बाइनचा अवजड रोटर फिरत असताना, कोणी काही मोजायच्या आत, आपली ऊर्जा ग्रिडला देतो आणि काट्याची घसरण मंदावतो. "ते इन्व्हर्टरमध्ये कोडने करता येतं," असं आमचेच लोक म्हणतात. येतं, बॅटरी जोडली तर बऱ्यापैकी येतं. पण मग त्याचे पैसे धरा ना हिशेबात! गॅस नसेल, तर मध्ये क्लच बसवून नुसता जनरेटर फिरत ठेवता येतो का, तेही तपासा.

युनिट विकणाऱ्याला पैसे, आणि काटा सांभाळणाऱ्याला भंगारवाला? हा कुठला न्याय!

असो. पुढच्या वेळी गाडीत कोणी "भंगार" म्हणालं, तर मी एवढंच विचारणार : जडत्वाचं बिल कोण भरणार?