इंजिन बदलले, तारांचे काय?

हिंगणघाटकडून हैदराबादकडे जाणारा महामार्ग वडनेरवरून जातो. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या शिगोशीग गाड्या या भागात नेहमीच्याच. अशीच कामे एकेकाळी करून आता गोठ्यामागे उभी असलेली एखादी जुनी डॉज डोळ्यांसमोर आणा. (डॉज आणि फार्गो ट्रक मुंबईत कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यातून बाहेर पडत.) मूळ पेट्रोल इंजिन संपलेले आहे. मालकाला कुठूनसे एक डिझेल इंजिन मिळाले आहे. मिस्त्री म्हणतो, "भाऊ, इंजिन तर बसवून घेऊ, वायरिंगचं मग पाहू."

हे 'मग पाहू' मला मान्य नाही.

इंजिन बदलण्याला माझा विरोध नाही. पेट्रोल ट्रकमध्ये पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवण्याचे काम इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकातच सुरू झाले होते आणि पुढे ती इंजिने मद्रासची सिम्पसन कंपनी बनवू लागली. आरटीओची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात नोंद तेवढी हवी. पण डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून विजेचा प्रश्नच उरला नाही, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही.

१९५५ पर्यंतच्या अमेरिकन डॉजमध्ये बॅटरी ६ व्होल्टची असे आणि तिचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. नव्या इंजिनावरचा अल्टरनेटर १२ व्होल्टचा, त्याला ऋण टोक चेसिसला हवे. जुन्या सवयीने बॅटरी उलटी जोडली, तर अल्टरनेटरमधील डायोड प्रवाहाला मोकळी वाट देतात आणि क्षणात जळतात. सेल्फचेही तसेच. पेट्रोल इंजिन हवा सहा-सात पट दाबते, डिझेल सोळा पट किंवा जास्त. ते फिरवायला २ किलोवॉट लागले, तर १२ व्होल्टवर सुमारे १७० अँपिअर प्रवाह लागेल, ६ व्होल्टवर ३३० हून अधिक!

आता एक गंमत पाहा. पुढचे दोन दिवे मिळून ७२ वॉटचे आहेत. ६ व्होल्टवर त्यांना १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर फक्त ६. तारेचा आणि सांध्यांचा रोध ०.०५ ओहम धरला, तर पहिल्या वेळी ०.६ व्होल्ट, म्हणजे दहा टक्के दाब वाटेतच खर्च होतो. दुसऱ्या वेळी ०.३ व्होल्ट, म्हणजे अवघा अडीच टक्के. म्हणजे ओहमच्या नियमाप्रमाणे जुन्या जाड तारा १२ व्होल्टला उत्तमच. बल्ब तेवढे बदलायचे.

मिस्त्री हेच सांगतो, आणि तांब्यापुरते त्याचे बरोबर आहे. पण तारेवरच्या रबराचे काय? त्या काळी रबरावर सुती वेष्टण असे. इतक्या वर्षांच्या उन्हाने ते रबर पापडासारखे तडकते. शिवाय जुन्या डायनॅमोचा नियंत्रक प्रवाहाला मर्यादा घाली. अल्टरनेटर रिकाम्या बॅटरीला ५५ अँपिअरही देऊ शकतो, आणि तो सारा प्रवाह डॅशबोर्डवरच्या ३० अँपिअरच्या अँमीटरमधून, त्याच जुन्या तारेतून जातो. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३० च्या जागी ५५ म्हणजे तिप्पटीहून जास्त. आणि मागे काय भरले आहे? कापूस! त्याला पेटायला एक ठिणगी पुरते, आणि गाठीच्या आत गेलेली आग बाहेरून दिसतही नाही.

जुनी वाहने हौसेने जपणारे म्हणतील, मूळ ६ व्होल्टची रचना हा इतिहास आहे. प्रदर्शनात मिरवणाऱ्या गाडीसाठी मला ते पटते. तिने मूळ इंजिनही ठेवावे. माल वाहणाऱ्या गाडीला नवे इंजिन हवे असेल, तर आधी जुनी वायरिंग उपटून काढावी, अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत नवी जाड तार टाकावी, अँमीटरच्या जागी व्होल्टमीटर लावावा आणि प्रत्येक शाखेला फ्यूज द्यावा. फ्यूज बल्बसाठी नसतो, तारेसाठी असतो. तो बल्ब पाहून नव्हे, तार पाहून निवडायचा. हे दहावीच्या वर्गातही बहुतेकांना सांगता येत नाही, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांनी भंगारातून एक डायनॅमो आणि एक अल्टरनेटर आणून टेबलावर शेजारी शेजारी ठेवावे.

खर्च वाढेल, हे खरे. पण इंजिनाच्या किमतीपुढे तारांचा खर्च थोडाच असतो.

आणि काम झाल्यावर बॅटरीच्या पेटीवर रंगाने ठळक लिहावे : '१२ व्होल्ट, ऋण टोक चेसिसला'. पुढचा मिस्त्री कोण असेल, कोणास ठाऊक!