क्रीडांगण आणि एकदिवसीय परवाना

महाविद्यालयाच्या मैदानावर मद्य विकू नये, याविषयी दुमत नाही. प्रश्न मैदान भाड्याने दिल्यानंतरचा आहे. शिक्षणसंस्थेपासून अंतराची अट कायमच्या दुकानांना आहे, हे सर्वांस ठाऊक असते. समारंभासाठी मिळणाऱ्या एकदिवसीय परवान्याकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. महाराष्ट्रात सौम्य बिअर व वाइनसाठी वयोमर्यादा २१, तर इतर मद्यासाठी २५ वर्षे आहे. पदवीचे बहुतेक विद्यार्थी त्याखालचे! मग हा परवाना कोणासाठी?

आवारात काय चालले आहे याकडे संस्थेचे लक्ष नसले की काय घडते, हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये पांगरमल येथे निवडणुकीच्या मेजवानीतील विषारी दारूने बळी घेतले. ती जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील उपाहारगृहात तयार झाल्याचे पोलीस तपासात पुढे आले.

सुश्रुताचार्यांनी तृषार्त, क्षुधित आणि व्यायामाने क्षीण झालेल्यांचे मद्यपान रोगकारक म्हटले आहे. सामना संपवून आलेला खेळाडू नेमका याच अवस्थेत असतो. म्हणून मैदानाच्या भाडेकरारातच मद्यविक्रीस, परवाना असला तरीही, मनाई लिहावी, असे आम्ही संस्थाचालकांना सुचवितो.

आपलेही कपाट तपासले पाहिजे. आसवारिष्टांत १२ टक्क्यांपर्यंत स्वयंजात मद्यांश असू शकतो. क्रीडामहोत्सवातील कक्षात द्राक्षासव ‘थकवा घालविणारे पेय’ म्हणून मांडणे आम्हास मान्य नाही. काही औषधालयांना हे रुचणार नाही, तरीही. ते औषध आहे आणि वैद्याच्या चिठ्ठीवरच द्यावे.