झरपट नदीकांठचा बाजार

चैत्री पौर्णिमेच्या सुमारास चंद्रपुरास जाण्याचा योग आला. आमच्या वडील मंडळींच्या तोंडीं हें गांव अजून 'चांदा'च आहे. अंचलेश्वर दरवाजाबाहेर, झरपट नदीच्या कांठीं महाकालीचें मंदिर आहे. तेथील यात्रेस नांदेड-परभणीकडून व तेलंगणांतून हजारों माणसें येतात आणि नदीकांठीं एक नवें नगरच वसतें. हळदकुंकवाच्या राशी, कांचेच्या बांगड्या, बुरडांनीं विणलेलीं सुपें, हें सर्व पाहतां पाहतां पिशवी केव्हां भरली तें कळलेंहि नाहीं.

नदीकडे वळलें मात्र, आणि मन खट्टू झालें. सांडपाण्यानें पाणी काळवंडलेलें, वर जलपर्णीचा हिरवा थर! शेजारीं नांदेडकडील एक वृद्धा उभी होती. तिला विचारलें, "मावशी, स्नान कोठें केलेंत?"

"पहिलं नदीत न्हायचो माय, आता नळाखाली न्हातो. पण नदीच्या पाया पडल्याबिगर देवीकडं जात न्हाई."

अहमदाबादेस साबरमतीच्या कांठीं बांधलेले प्रशस्त घाट मीं पाहिले आहेत. तेथला जुना गुजरी बाजारहि २०१४ सालीं त्याच कांठावर नव्या जागीं थाटण्यांत आला. शोभा खरीच, पण पात्रांतील पाणी कालव्यानें आणलेलें नर्मदेचें! आपल्याकडेहि उद्यां घाट बांधतील, दिवे लावतील. परंतु वृंदावनास रंग द्यावा आणि तुळस मात्र वाळूं द्यावी, असें तर होणार नाहीं ना?

निराश होण्याचें मात्र कारण नाहीं. याच गांवांत २०१७ सालीं 'इको-प्रो' संस्थेच्या तरुणांनीं गोंडकालीन परकोटावरील झाडेंझुडपें व कचरा स्वतःच्या हातांनीं काढण्यास आरंभ केला; तटावरून लोक पुन्हां हिंडूं लागले. रामाळा तलावासाठीं संस्थेचे बंडू धोतरे २०२१ सालीं उपोषणास बसले, तेव्हां तलावाच्या प्रश्नाकडे साऱ्या गांवाचें लक्ष वेधलें. जें तटाचें झालें तें नदीचें कां होऊं नये?

सांडपाणी अडविणें हें महानगरपालिकेचें काम खरें. परंतु निर्माल्याची पिशवी पुलावरून भिरकावणारा हात आपल्यांपैकींच कोणाचा तरी असतो. ती वृद्धा घाण पाण्यालाहि नमस्कार करून गेली. आपण निदान तो नमस्कार लाजिरवाणा ठरूं देऊं नये.