घरातील पेढी आणि रांगती पावले

घर आणि पेढी यांच्यातील अंतर आपल्या व्यापारी कुटुंबांत कधीच फारसे नव्हते. खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मधल्या जिन्यावर नातवंडांची ये-जा, ही रचना जुन्या बाजारपेठांत आजही आढळते. आता हिशेब संगणकावर आले, विवरणपत्रे रात्री घरी बसून भरली जाऊ लागली आणि अडगळीच्या खोलीला पेढीचे रूप देण्याचा विचार अनेक घरांत होऊ लागला. विचार स्तुत्य आहे. मात्र ज्या घरात लहान मूल आहे, तेथे ही खोली मांडण्यापूर्वी एकदा जमिनीवर बसून, मुलाच्या नजरेच्या उंचीवरून न्याहाळावी.

प्रारंभ कागदांपासून करावा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपणे बंधनकारक आहे. अपील किंवा चौकशी प्रलंबित असल्यास त्याहूनही अधिक काळ जपावी लागतात. म्हणून तीन भाग करावेत. चालू वर्षाची बिले हाताशी, मुदतीतील दप्तरे वर्षवार बांधून कुलपात, आणि मुदत सरलेली कर सल्लागारांना विचारूनच निकालात. खरेदीखते व भागीदारीचे करार मात्र यांत मिसळू नयेत. ते कायमचे जपावयाचे असतात.

दप्तरांचे कपाट दिसावयास अचल वाटते, परंतु मूल खण ओढून त्यांची पायरी करते आणि सारा भार पुढे झुकतो. यास्तव कपाट लोखंडी कोनांनी भिंतीला पक्के करावे आणि जड वह्या सर्वांत खालच्या खणात ठेवाव्यात. मेज किंवा खुर्ची खिडकीखाली नसावी. वरच्या मजल्यावरील घरांत हा नियम कटाक्षाने पाळावा.

जुन्या वह्यांना कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवण्याची रीत आहे. पांढरी, गोल गोळी मुलाला खाऊसारखी भासते. तिच्यातील नॅप्थॅलिनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. जी-६-पीडी या विकराची जन्मजात उणीव असलेल्या बालकांना हा धोका विशेष असतो. त्याऐवजी खोली कोरडी ठेवावी, वह्यांना वरचेवर ऊन दाखवावे आणि सुकलेला कडुनिंबाचा पाला कापडात बांधून ठेवावा. ओल नसेल तर कसरीचा उपद्रवही कमीच होतो.

याहून भयंकर वस्तू आकाराने नाण्याएवढी असते. छोटा वजनकाटा, रिमोट, गाडीची किल्ली यांत चपटा लिथियम सेल असतो. तो गिळला जाऊन अन्ननलिकेत अडकला, तर अवघ्या २ तासांत आतून गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. मूल रडेलच, असेही नाही. नुसती शंका आली तरी उलटी करविण्याच्या भरीस न पडता तत्काळ मोठे रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी ११२ क्रमांक आहे. सेलचे झाकण स्क्रूने बंद होणारीच उपकरणे घ्यावीत आणि वापरलेले सेल चिकटपट्टीत गुंडाळून कुलपात ठेवावेत.

विजेच्या बाबतीत काटकसर नको. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आहे का, हे जाणकार वायरमनकडून तपासून घ्यावे. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता मेजाच्या मागे वर बसवावा, वायरी एकत्र बांधाव्यात आणि पडद्याच्या दोरीचा फास लोंबता ठेवू नये. टाचण्या, कटर, स्टेपलरच्या पिना यांना एकच कुलपाचा खण असावा.

दाराची कडी बाहेरून, मुलाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बसवावी. आतील खालची कडी काढून टाकावी, म्हणजे मूल आत कोंडले जाणार नाही. काम संपले की दार लावण्याची जबाबदारी घरातील कोणा एकाची ठरलेली असावी. सर्वांवर सोपविलेले काम बहुधा कोणाकडूनच होत नाही. शिवाय दिवाळीत वहीपूजनाआधी खोली झाडली जाते, तेव्हा ही पाहणी पुन्हा करावी. मूल वर्षभरात उंच झालेले असते, आणि गतवर्षी त्याच्या हाताबाहेर असलेले पुष्कळसे आता त्याच्या हाताशी आलेले असते.