जागेचे निमित्त

इंग्लंडमधील ग्रेट वेस्टर्न रेल्वेने 1906 साली स्विंडन येथील आपल्या कारखान्यात जपून ठेवलेली दोन जुनी इंजिने मोडीत काढली. आम्ही या कृत्यास अपराध म्हणतो. त्यास व्यवहार म्हणणारांशी आमचे भांडण आहे.

त्यांतील एकाचे नाव ‘नॉर्थ स्टार’, म्हणजे ध्रुवतारा. रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या कारखान्याने ते मूळ अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या रेल्वेसाठी बांधले होते. तेथील रुळांमधील अंतर साडेपाच फूट, म्हणजे आपल्या भारतातील रुंद मार्गाइतकेच. तो सौदा फिसकटला. इकडे ब्रुनेल हा विलक्षण स्थापत्यविशारद सात फुटांच्या मार्गाचा हट्ट धरून बसला होता. तेव्हा इंजिनास त्या मापाचे करून नोव्हेंबर 1837 मध्ये टेम्स नदीतून पडावाने मेडनहेडला पोहोचविण्यात आले.

हा आगंतुकच कंपनीचा आधार ठरला. ब्रुनेलने इतर कारखानदारांस घातलेल्या चमत्कारिक अटींमुळे तितकीच चमत्कारिक यंत्रे जन्मास आली होती. ‘हरिकेन’ नामक इंजिनाची चाके दहा फूट व्यासाची, आणि बॉयलर वेगळ्याच गाड्यावर! ही यंत्रे वारंवार नादुरुस्त होत, आणि एकविशी गाठण्याआधीच नेमणूक मिळालेला डॅनियल गूच रात्री जागून त्यांची डागडुजी करी. नॉर्थ स्टार मात्र भरवशाचे. 31 मे 1838 रोजी संचालकांस घेऊन पहिली गाडी निघाली ती त्याच्याच मागून. पुढे गूच व ब्रुनेल यांनी वापरलेली वाफ धुराड्यात सोडणाऱ्या नळीचे तोंड मोठे केले व ती वाफ धुराड्याच्या नेमकी मधोमध वर जाईल असे पाहिले. एवढ्याशा फेरफाराने इंजिनाची ओढ वाढली, कोकचा खर्चही पुष्कळ घटला. 1841 पर्यंत या वर्गाची एकंदर बारा इंजिने आली, सर्वांची नावे ‘स्टार’. (त्यांत एक ‘पोलर स्टार’ही होते, एकाच आकाशात दोन ध्रुव!) याच धर्तीवर गूचने ‘फायर फ्लाय’ वर्गाच्या बासष्ट इंजिनांची आखणी केली.

1871 मध्ये सेवानिवृत्त झालेले नॉर्थ स्टार पस्तीस वर्षे जपले गेले. शेजारी 1851 च्या लंडनमधील महाप्रदर्शनात मिरवलेले ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’. मग चर्चवर्ड या मुख्य यांत्रिक अधिकाऱ्याच्या अमदानीत दोन्ही फोडली गेली. कारण काय, तर जागा हवी! चर्चवर्ड हा आपल्या काळातील अग्रगण्य इंजिनरचनाकार. त्याच्या बुद्धीविषयी आम्हांस आदरच आहे. पण ज्याला उद्याचे इंजिन इतके स्पष्ट दिसत होते, त्याला कालचे तेवढे अडगळ वाटावे, हे आम्हांस समजत नाही. आपल्याकडेही जागा काही ओसंडून वाहत नव्हती. तरी 1855 ची ‘फेअरी क्वीन’ जपली गेली, आणि 1997 मध्ये ती पुन्हा रुळांवर धावली.

कोणी म्हणेल, आराखडे असल्यावर पुन्हा बांधता येते. कंपनीने बांधलेही. अवघ्या एकोणीस वर्षांनी, 1925 साली, रेल्वेच्या शताब्दीसाठी तिलाच नॉर्थ स्टारची गरज भासली, तेव्हा शिल्लक राहिलेले काही मूळ भाग घालून प्रतिकृती करावी लागली. ती आकार दाखविते. स्वतःच्या वाफेवर मात्र चालत नाही. मूळ इंजिनाची 1854 मध्ये पुनर्बांधणी झाली होती. त्या कारागिरांनी कोठे काय बदलले, कोणता भाग किती झिजला, हे ज्या लोखंडावर वाचता आले असते ते लोखंडच आता नाही. घरातल्या माळ्यावरचा जुना पेटारा उपसताना आपणही ‘जागा नाही’ असेच म्हणतो, आणि आत काय आहे ते पाहण्याआधी म्हणतो.

प्रतिकृती आज स्विंडनच्याच संग्रहालयात आहे. तेथेच ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ची आठ फुटी चालक चाकेही ठेवली आहेत, त्या इंजिनाची तेवढी खूण उरली.