स्वमग्न कोण?

मूल अडीच वर्षांचे होते, तरी हाक मारल्यावर वळून पाहत नाही. हवी ती वस्तू बोट दाखवून मागत नाही, नजरेला नजर देत नाही. खेळण्यातली गाडी चालविण्याऐवजी तिचे एकच चाक तासन्‌तास फिरवत बसते. घरातील वडीलधारी माणसे धीर देतात, ‘याचा बापही उशिराच बोलू लागला होता.’ कानांची तपासणी होते, कान निर्दोष ठरतात. मग ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घातले जाते, नवस बोलले जातात. मंडणगडापासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात असे मूल बालमानसतज्ज्ञापर्यंत पोहोचते, तेव्हा बहुधा त्याचे शाळेत जाण्याचे वय झालेले असते. मेंदू सर्वाधिक वेगाने घडत असतो ती मोलाची वर्षे वाट पाहण्यात निघून गेलेली असतात.

१९४३ साली अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या निरीक्षणातून ‘ऑटिझम’चे वर्णन केले. मराठीत त्याला ‘स्वमग्नता’ हा शब्द रूढ झाला. शब्द देखणा आहे, पण फसवाही आहे. जणू मुलाने स्वतःहून जगाकडे पाठ फिरवली आहे, असे त्यातून सूचित होते. वास्तविक ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. तिला हट्ट म्हणता येत नाही आणि वेडही म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासून उभे आहे. ‘मनाचा डॉक्टर’ म्हटले की त्याचेच फाटक डोळ्यांपुढे येत असेल आणि त्या धास्तीने पालकांची पावले थबकत असतील, तर हा गैरसमज दूर करणे हे सुशिक्षितांचे पहिले कर्तव्य ठरते.

या विषयात पाश्चात्त्य मानसशास्त्राने एक मोठा अन्याय केला. आईच्या वागण्यातील थंडपणामुळे मूल असे होते, हा सिद्धान्त तेथे दोन दशके मिरवला गेला. ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून तो लोकप्रिय केला आणि हजारो निरपराध माता आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्याला उत्तर दिले ते एका बालमानसशास्त्रज्ञानेच. एरिक शॉप्लर यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आईवडिलांनाच सहउपचारक मानून काम उभे केले आणि १९७२ साली ते राज्यव्यापी उपक्रमात रूपांतरित झाले. कुटुंब हे रोगाचे मूळ नसून उपचाराचे केंद्र आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

मात्र पश्चिमेकडे बोट दाखवताना आपल्या घरातही डोकावले पाहिजे. ‘पूर्वजन्मीचे भोग’ म्हणून आईला बोल लावणारी, लग्नकार्यात त्या मुलाला आतल्या खोलीत बसवून ठेवणारी माणसे आपल्याच समाजातील आहेत. कुटुंबसंस्थेचा गौरव करणाऱ्यांनी तिच्या या निष्ठुरतेचाही हिशेब मांडला पाहिजे.

बालमानसतज्ज्ञाच्या हाती जादूची कांडी नसते. स्वमग्नता ‘बरी’ करण्याचे आमिष दाखवणाऱ्यांपासून पालकांनी दूरच राहावे. तज्ज्ञ मुलाचे बारकाईने निरीक्षण करतो. कोणत्या आवाजाने ते बिथरते, कशाने शांत होते, हे टिपतो. दिवसाचा क्रम चित्रांतून मांडून देतो, म्हणजे पुढे काय होणार याची मुलाला धास्ती उरत नाही. मोठे काम लहान लहान पायऱ्यांत कसे शिकवावे, हे आईवडिलांना दाखवतो. वाचा-उपचार आणि व्यवसायोपचार यांची त्याला जोड द्यावी लागते. आठवड्यातील एक-दोन तास तज्ज्ञाचे असतात, उरलेला सारा काळ घराचा असतो. म्हणूनच आजी-आजोबा, काका-काकू यांनी हे शिकून घेतले, तर एकत्र कुटुंबासारखी दुसरी पाठशाळा नाही.

कायदा आज या मुलांच्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. परंतु निदान झाल्यावर उपचारांसाठी मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागत असेल, तर रोजंदारीवरच्या पालकाला तो हक्क कागदावरच राहतो. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी प्रशिक्षित तज्ज्ञ उपलब्ध असावा, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे आग्रहाने मांडली पाहिजे.

सारे शासनावर सोपवूनही चालणार नाही. रत्नागिरीत मतिमंद मुलांसाठी ‘आविष्कार’ संस्थेने शाळा आणि कार्यशाळा उभी केली. दिव्यांगांसाठी ‘सक्षम’ संघटना २००८ पासून देशभर कार्यरत आहे. अशा कामांना हात हवे आहेत. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील असे एक घर शोधावे, आईला दोन तासांची उसंत मिळवून द्यावी, बालवर्गात त्या मुलाला सामावून घ्यावे. शिमग्याची पालखी त्या दारी जाईल तेव्हा ढोल-ताशे क्षणभर थांबवावेत. देवाला त्याने उणेपणा येणार नाही आणि कानांवर हात दाबून कोपऱ्यात बसणारे मूल कदाचित दर्शनाला बाहेर येईल.

याच रत्नागिरीत स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या प्रेरणेने आणि दानशूर भागोजीशेठ कीर यांच्या औदार्याने १९३१ साली पतितपावन मंदिर सर्व हिंदूंसाठी खुले झाले. ज्यांना शतकानुशतके दाराबाहेर ठेवले, त्यांना आत घेतल्याखेरीज समाज एकसंध होत नाही, हा त्या मंदिराचा संदेश आहे. शाळेच्या, सणाच्या आणि शेजाऱ्याच्या दाराबाहेर आजही काही मुले उभी आहेत. त्यांना ‘स्वमग्न’ म्हणणाऱ्या समाजाने आधी स्वतःची मग्नता सोडावी.