अब्बांच्या शेडमधली मर्सिडीज

मागच्या अंकात दहावीनंतरच्या वाटांबद्दल लिहिलं होतं. त्यावर एका भगिनीचा फोन आला. "मॅडम, आमचा मुलगा पुस्तक सोडून मोटारसायकल खोलत बसतो. त्याचं काय करू?" मी त्यांना काही सल्ला दिला नाही. देणार कसा? माझ्याच माहेरी, निघोज्यात, अब्बांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक अख्खी मोटार खोलून पडलेली होती, आणि ती खोलणारा माझा सख्खा भाचा होता.

भाचा मूळचा कराडचा. आयटीआयला मोटार मेकॅनिक केलं आणि चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर लागला. राहायला नानांकडे, म्हणजे माझ्या अब्बांकडे. दोन वर्षांत त्याने एक लाख ऐंशी हजार रुपये साठवले होते. घरात सगळ्यांनी धरून ठेवलं होतं की ते त्याच्या निकाहला कामी येतील. एका रविवारी कराडहून बहिणीचा फोन आला. ती रडतच होती. "आपा, त्याने पैशाची भंगार गाडी आणलीय. तू मास्तरीण आहेस, तुझं ऐकेल. जाऊन समजाव."

मी पिंपरीहून निघाले ते रागावण्याच्या तयारीनेच. मोशी ओलांडून इंद्रायणीवरून कुरुळीला वळेपर्यंत मनात सगळं भाषण तयार होतं. शेडमध्ये गेले तर भाचा गाडीखाली आडवा, फक्त पाय दिसत होते, आणि गाडीचं पुढचं एक चाक काढून तिथे विटांची चळत लावलेली. भाषण विसरले आणि ओरडले. विटेवर मोटार तोलून खाली झोपायचं नसतं, हे मला माझ्या वर्गातला मुलगा सांगेल. वीट दाबाखाली इशारा न देता फुटते. त्याच संध्याकाळी भोसरीला जाऊन लोखंडी स्टँडचा जोड आणायला लावला. या गाडीवर माझ्या खिशातून गेलेला तो पहिला पैसा. शेवटचा ठरला नाही.

गाडी मर्सिडीज. मॉडेल डब्ल्यू १२४, ई २२०, १९९६ ची. पुण्यातल्या एका बंगल्यात सहा वर्षं एकाच जागी उभी होती. मालक वारले, मुलं परदेशात, कुणाला तिची गरज नव्हती.

आता ही गाडी निघोज्यात यावी यात एक गंमत आहे. मर्सिडीजने भारतात कंपनी काढली १९९४ मध्ये, टेल्कोबरोबर भागीदारीत, आणि १९९५ पासून हीच डब्ल्यू १२४ इथे पिंपरी-चिंचवडला जुळू लागली. जर्मनीत ती १९८४ च्या शेवटी आली होती, म्हणजे आपल्याकडे पोहोचली तोवर तिकडे तिचे दिवस भरले होते. तरी भारतात जुळवलेली ती पहिली मर्सिडीज. पुढे २००९ मध्ये कंपनीने चाकणला १०० एकरांवर स्वतःचा कारखाना घातला. त्याच्या पत्त्यात कुरुळी आणि निघोजे ही दोन्ही नावं आहेत. त्याच वर्षी फोक्सवॅगन शेजारी आली, नंतर महिंद्रा. ज्या शिवारात कांदा आणि बाजरी होती तिथे आता शिफ्टच्या बसगाड्या धावतात.

माझे अब्बा तेव्हा टेल्कोत, ट्रकच्या पेंट शॉपला होते. मी दहावीत होते त्या वर्षीची गोष्ट. एका संध्याकाळी ते घरी आले आणि अम्मीला म्हणाले, "आज फाटकातून ती गाडी बाहेर जाताना पाहिली. रंग असा की तोंड पाहून दाढी करावी." तीस वर्षांनी तीच गाडी त्यांच्या शेडमध्ये आली होती, रंग उडालेली, छपरावर कबुतरांची घाण. नातवाला हाकलायचं सोडून ते रोज सकाळी फजरनंतर तिथे जाऊन उभे राहू लागले. बहिणीने मला पाठवलं, पण खरं तर तिने अब्बांना समजवायला हवं होतं.

पहिली चूक कागदांची झाली. भाच्याने गाडी पाहिली, इंजिन पाहिलं, आर.सी. मात्र घाईत पाहिली. मालक वारलेला असेल तर वारसाने आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ असतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग वारसाकडून आपण विकत घ्यायची, फॉर्म २९ आणि ३० भरून. इथे वारस तीन, तीन देशांत. संमतीपत्रं यायला चार महिने लागले. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी गाडी आरटीओत तपासून घेऊन नूतनीकरण करायचं, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. हे नूतनीकरण कधीचंच चुकलेलं. जुन्या गाडीच्या प्रेमात पडणाऱ्यांनी निदान एवढं करावं: आधी आर.सी. हातात घ्यावी, बॉनेट नंतर उघडावं.

दुसरा घोटाळा गंजाचा. वरून गाडी बरी दिसत होती. या मॉडेलला दारांखाली प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत. त्या काढल्या तर जॅक लावायच्या जागा आतून कुजलेल्या. पाणी आणि माती पट्टीमागे साचते, बाहेर काही दिसत नाही. अब्बांनी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार. कुजलेला पत्रा निरोगी भागापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करण्याशिवाय इलाज नव्हता. वेल्डिंगआधी बॅटरीची तार काढून ठेवायची, नाहीतर गाडीतला इलेक्ट्रॉनिक डबा जातो, हे भाच्याला ठाऊक होतं. तिथे मी पहिल्यांदा मनात म्हटलं, पोराला काहीतरी येतं.

पण मी खरी बदलले ते वायरिंगच्या वेळी.

गाडी सुरू व्हायची, दोन मिनिटं थरथरायची आणि बंद पडायची. आम्ही ती टो करून एका गॅरेजला नेली. त्यांनी एकामागून एक तीन भाग बदलले, बावीस हजार घेतले, आणि गाडी पुन्हा थरथरू लागली. भाचा तीन दिवस गप्प होता. मग त्याने एका रात्री इंजिनवरचं वायरिंग सोडवलं आणि मला फोटो पाठवला. तारांवरचं आवरण बिस्किटासारखं चुरत होतं, आत उघडं तांबं. १९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात कंपनीने अनेक गाड्यांच्या इंजिनात असं आवरण वापरलं की ते काही वर्षांच्या उष्णतेने कडक होऊन गळून पडतं. तारेला तार लागते, कॉम्प्युटरला उलटेसुलटे संदेश जातात, आणि लोक सेन्सर बदलत बसतात. जगभर या गाडीचा हा नावाजलेला आजार आहे.

नवा हार्नेस बाहेरून मागवायचा तर हिशेब बसत नव्हता. भाचा म्हणाला, "खाला, मी घरी बनवतो." तीन आठवडे अब्बांच्या जेवणाच्या पाटावर, शिफ्टहून आल्यावर, एक एक तार. जुना हार्नेस पुठ्ठ्यावर पसरून त्याचा नकाशा काढला. प्रत्येक तारेची जाडी मोजून तेवढ्याच जाडीची, उष्णता सोसणारी तार आणली. टर्मिनल दाबायची पक्कड उसनी घेतली. आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिठ्ठी लावली. मी रविवारी गेले तेव्हा चिठ्ठ्या वाचल्या: अलिफ, बे, पे, ते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मीच त्याला उर्दू शिकवायचे, आणि तो पळून जायचा. "आकडे गाडीच्या नकाशात आधीच आहेत, म्हणून गोंधळ नको," असं त्याने सहज सांगितलं. ज़ाल आणि ज़े त्याने अजूनही उलटसुलट लावले होते. मी दुरुस्त केले. मास्तरणीची सवय.

त्या दिवशी मी त्याला विचारलं, कंपनीत काय करतोस नेमकं? दोन वर्षांत हे मी विचारलंच नव्हतं. म्हणाला, "दाराचं रबर बसवतो. मागचं डावं दार. शिफ्टला चारशे वेळा. गाडी पुढे जाते, मी पुढची धरतो. खाला, कंपनीत गाडी सुरू झालेली मी कधी पाहिली नाही."

मी वीस वर्षं शाळेत शिकवते. आमची किती मुलं या पट्ट्यात कंत्राटावर जातात. आयटीआयत सगळी गाडी शिकतात आणि मग एकाच नटावर वर्षं काढतात, आणि मधे 'ब्रेक' मिळाला की घरी. आम्ही शिक्षक 'कंपनीत लागला' म्हणून समाधानाने यादीत खूण करतो. तो तिथे काय शिकतोय, हे कोण विचारतं? शेडमधली ती गाडी म्हणजे उधळपट्टी, असं मी घरून ठरवून आले होते. इस्राफ नको, हे मी वर्गात सांगतेच. पण पाटावरच्या त्या चिठ्ठ्या बघितल्यावर तो शब्द माझ्या तोंडून निघेना.

चुरलेल्या तारा बदलून गाडी सुरू झाली तेव्हा थरथर नव्हती. अब्बांनी बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं, सांडलं नाही. (हे बॉनेट सरळ आभाळाकडे उभं राहतं, नव्वद अंशात. इंजिनात वाकून काम करणाऱ्याची कंबर कुणीतरी लक्षात घेतली होती.)

मग घरात भांडण पेटलं, रंगावरून. भाच्याला गाडी चमक नसलेली काळी हवी होती, खाली दबलेली, मोठी अलॉय चाकं, मागून गुरगुरणारा सायलेन्सर. मोबाइलवर त्याने तशा गाड्या पाहिल्या होत्या. अब्बा म्हणाले, "असं करायचं असेल तर माझ्या शेडमधून बाहेर काढ." दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलले नाहीत. जेवणाचं ताट अम्मी दोन खोल्यांत न्यायची.

निकाल अखेर कायद्याने लावला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या रचनेत मालकाला मनाने बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बजावलं. रंग बदलता येतो, पण आर.सी.त नोंद करून. ज्या गाडीची नोंदणीच अडकली आहे तिच्यात कायद्याबाहेरचा बदल करून आरटीओत न्यायची, म्हणजे आपणच साहेबाच्या हातात काठी द्यायची. भाच्याने मग 'व्हिंटेज'ची पळवाट शोधली. केंद्राचे ते नियम २०२१ चे आहेत. त्यात गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नोंदणीला २० हजार रुपये. पण गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, आणि मुळातली बॉडी-चेसिस बदललेली चालत नाही. आमची १९९६ ची. अब्बा म्हणाले, "२०४६ पर्यंत थांब. मी काही थांबत नाही."

रंग मूळचाच ठरला, गडद निळा. घासकाम सगळं घरी झालं. वॉटर पेपर, पुट्टी, परत पेपर, प्रायमर. अब्बांचे हात अजून तसेच चालतात. पत्र्यावर तळहात डोळे मिटून फिरवतात आणि "इथे खड्डा आहे" म्हणतात, आपल्याला काही दिसत नाही. शेवटचा रंग मात्र त्यांनी शेडमध्ये मारू दिला नाही. या रंगात मिसळायच्या हार्डनरचा फवारा फुफ्फुसाला घातक असतो, साधा रुमाल बांधून भागत नाही. तो भोसरीच्या एका बूथमध्ये मारून आणला. घरी, दारात लहान मुलं खेळत असताना हा रंग फवारणारे मी पाहिले आहेत. कृपा करून करू नका.

'आपल्या मनाचं' काही तरी हवंच होतं, ते आतून केलं. सीटचं काम माझ्याकडे आलं. जुनं कव्हर फाडायचं नाही, शिवण उसवून एक एक तुकडा सुटा करायचा, खडूने क्रमांक घालायचे, आणि त्यावरून नवं कापायचं. ब्लाउजवरून ब्लाउज बेततो तसंच. कापून मी दिलं, जाड मशिनवर शिवलं रेक्झिनवाल्याने. रंग भाच्याच्या पसंतीचा, विटकरी. मला भडक वाटतो. जुन्या कॅसेट प्लेयरच्या झाकणामागे त्याने ब्लूटूथ बसवलं आहे, वरून काही कळत नाही. याला अब्बांनीही हरकत घेतली नाही, कारण त्यांना त्यावर सकाळी तिलावत ऐकायला मिळते.

पुढच्या काचेला या गाडीत एकच वायपर आहे. तो नुसता फिरत नाही, कोपऱ्याकडे जाताना लांब होतो आणि मध्ये येताना आखडतो, म्हणून एकटाच काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. आमचा जाम होता. आतल्या गिअरचं ग्रीस वाळून मेण झालं होतं. ते धुऊन नवं घातलं. बाकी भागांसाठी भाचा पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरला, कुर्ल्याला दोनदा गेला. पूर्वी नदीपलीकडे कुदळवाडीत निम्म्या गोष्टी मिळाल्या असत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत ती भंगाराची दुकानं पाडली गेली, तेव्हापासून ओळखीचे दुकानदार कुठे कुठे पांगले आहेत.

हिशेब लपवत नाही. गाडीच्या किमतीएवढाच खर्च वर झाला आहे, आणि टायर अजून बाकी आहेत. विकली तर फायदा होईल असं कुणी सांगत असेल तर मी तरी मानणार नाही.

मध्यंतरी भाच्याचं कंत्राट संपलं. दोन महिने घरी होता. त्या काळात पुण्यातल्या एका गाडीवाल्याने, ज्याच्याकडून त्याने पक्कड उसनी घेतली होती, स्वतःच्या गाडीचा चुरलेला हार्नेस आणून दिला. तो झाला, मग आणखी एक आला. यावर घर चालत नाही, दोन कामं म्हणजे धंदा नव्हे, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो पुन्हा एका कंपनीत लागला आहे, या वेळी वायरिंगच्या विभागात. मुलाखतीला प्रमाणपत्राबरोबर त्या पुठ्ठ्यावरच्या नकाशाचा फोटो नेला होता.

गाडी सध्या शेडपासून शेताच्या बांधापर्यंत जाते आणि परत येते. आरटीओची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. बहीण ईदला आली होती. गाडीभोवती दोनदा फिरली, सीटवर हात फिरवला, शिवण पाहिली, पण आत बसली नाही. म्हणाली, आधी कागदावर नाव येऊ दे.